प्रमाणदेह

कुमुदिनी गावंडे यांना कोणी चिकट म्हटलेले चालत असे. गरीब म्हटलेले चालत नसे. चिकटपणा ही त्यांच्या मते कला होती आणि गरिबी ही तक्रार. कृषी खात्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक म्हणून त्यांनी शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्या फोडल्या, माती चाळली, तोलली. आणि निवृत्त झाल्यावर जे वेतन हाती येऊ लागले, तेही त्याच हाताने चाळून, तोलून वापरले. अकोल्यात कौलखेडला त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. तांदूळ तासभर आधी भिजत घालायचे आणि कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करून कुकर गोधडीत गुंडाळून ठेवायचा; राहिलेला भात आतल्या वाफेवर शिजतो. खिडकीला ओली चादर बांधली की दुपारी दोनपर्यंत कूलर लागत नाही. तुरीचे वरण आठवड्यातून दोनदा, एरवी आंबाडीची पातळ भाजी आणि भाकरी. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अख्खी सांगितली होती. अर्धी घेतली तरी आकडा फारसा चढत नाही, हे ताईंनी स्वतःच महिनाभर मोजून ठरवले होते.

निवृत्तिवेतन ठरलेले होते. हलायचा तो फक्त महागाई भत्ता. बाजारात भाव चढले की सहा महिन्यांनी तोही थोडा चढे, आणि चढत्या भावामागे धापा टाकत धावे. त्या थोड्याशा चढावरच ताईंच्या कलेची सारी मदार होती.

अशा बाईकडे दोन वर्षांपूर्वी त्यांची भाची मृण्मयी एक मनगटपट्टी घेऊन आली. मृण्मयी ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बारावीनंतरची चार वर्षे ती मावशीकडे राहून शिकली होती; आता पुण्याच्या देहमापन केंद्रात शास्त्रज्ञ होती. ताईंनी लग्न केले नव्हते. आपल्याला मूल आहे की नाही, या प्रश्नाचे त्यांच्यापुरते उत्तर मृण्मयी हेच होते.

"तुला काहीच करायचं नाही, मावशी," पट्टी मनगटावर बसवत मृण्मयी म्हणाली. "ही घालायची आणि नेहमीसारखं राहायचं."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

"तुझ्यासारखं. इतक्या कमीत इतकं नीट राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही."

ताईंच्या कलेला मिळालेली ही पहिलीच दाद होती. त्या दिवशी चहात त्यांनी दूध जरा जास्त घातले.

पट्टी त्वचेतून आत प्रकाश सोडून रक्तातली साखर आणि प्राणवायू मोजत असे; घामातून ताणाची संप्रेरके टिपत असे; झोप, हालचाल आणि त्वचेची ऊब तर ती मोजायचीच. परंतु हे सगळे अंदाज. ते कितपत खरे, हे ताडून पाहण्यासाठी मृण्मयी दर तीन महिन्यांनी एक लहानशी कुपी पाठवी. कुपीत साधे दिसणारे पाणी असे, पण त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नेहमीपेक्षा जड. असे पाणी प्यायल्यावर त्यातला हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन्ही किती वेगाने घटतात यातला फरक म्हणजे देहाच्या चुलीने सोडलेला धूर. आणि धूर कळला, की जळण किती जळाले ते कळते. त्यासाठी पंधरा दिवस ठरल्या वेळी लघवीचे नमुने गोळा करून पाठवावे लागत. एकतीस वर्षे नमुने हाताळलेल्या बाईला ही कामगिरी सणासारखी वाटली. त्यांचा एकही नमुना उशिरा गेला नाही. मानधन देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाही. घरच्या मुलीच्या कामाचे पैसे कोणी घेते का?

रोज संध्याकाळी सातला पट्टी थरथरे आणि तिच्यावर प्रश्न उमटे : आज काही कमी पडले का? खाली 'हो' आणि 'नाही'. ताई 'नाही' दाबत. घरातले उणे परक्यापुढे काढायचे नाही, हे त्यांना इतक्या लहानपणी शिकवलेले होते, की ती शिकवण आहे हेही त्या विसरल्या होत्या. आलेल्याने पाणी मागितले तर गूळ पुढे करायचा. आपल्याला कोणी विचारले तर 'भरपूर आहे' म्हणायचे. पट्टी तर थेट सरकारची.

वर्षभराने पट्टीची ही योजना सगळ्या निवृत्तांना खुली झाली, तेव्हा ताईंनी ती आपल्या मंडळींपुढे मांडली. रोज सकाळी साडेसहाला कौलखेडच्या मैदानातल्या कडुनिंबाखाली निवृत्त सरकारी नोकर जमत. बहुतेक खालच्या श्रेणीतले; शिपाई, चौकीदार, परिचर, लिपिक. जलसंधारण खात्यातून निवृत्त झालेले शिपाई पुंडलिकराव तेलगोटे हे मंडळींचे अघोषित अध्यक्ष आणि घोषित विदूषक.

"गावंडेबाई, आम्ही मेलो तर ही पट्टी खात्याला कळवेल काय?"

"कळवेल की."

"मग मी घालतो. जिवंत असल्याचा दाखला द्यायला दर नोव्हेंबरात रांगेत उभं राहून राहून मी अर्धा तिथंच मेलो."

सगळे हसले. ताईंच्या शेजारी बसलेल्या गिरिजाबाई ढोरे मात्र गंभीरपणे पट्टी उलटसुलट करून पाहत होत्या. सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षे आयाचे काम केले होते. नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती. ताईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एका खोलीत त्या एकट्या राहत.

"ताई, याच्यात आपलं काही वाईट तं नाई?"

"माझ्या भाचीनं बनवली आहे, गिरिजाबाई."

"मग घालतो बाप्पा. तुमची भाची म्हणजे आमची भाची."

एक्केचाळीस जणांनी ताईंच्या शब्दावर पट्ट्या घातल्या. ताईंनी त्यांना एक सूचनाही केली. संध्याकाळच्या प्रश्नाला रोज रडगाणे लावू नका. म्हातारी माणसे म्हणजे नुसते ओझे, असे सरकारला वाटायला नको. मंडळींना हे पटले. त्यांच्याही घरी तीच शिकवण होती.

सरकारी आदेश मार्चअखेरीस आला. अकोल्याचा पारा तेव्हाच त्रेचाळीसवर गेला होता.

तेलगोट्यांनी तो कडुनिंबाखाली मोठ्याने वाचला. मूळ निवृत्तिवेतनाला हात लावलेला नव्हता. पट्टीधारकांचा महागाई भत्ता मात्र बंद होऊन त्या जागी 'गरज-भत्ता' येणार होता. बाजारात वस्तू किती महागल्या, हे यापुढे पाहायचे नाही. त्या महागाईने तुमच्या देहाला काय झाले ते पाहायचे. देहाची ऊर्जा आणि ताण ठरावीक पातळीवर स्थिर असेल, तर महागाई तुम्हाला पोचलीच नाही, असे धरायचे. ही पातळी ठरवण्यासाठी राज्यात सहा विभाग आणि प्रत्येक विभागाला एक 'प्रमाणदेह'. ज्याच्या देहात प्रमाणदेहाइतके किंवा त्याहून जास्त जळण जळते, त्याला 'पर्याप्त' समजून भत्ता नाही.

"पश्चिम विदर्भ," तेलगोटे वाचत गेले. "प्रमाणदेह. स्त्री. अविवाहित. वय अडुसष्ट. वजन सेहेचाळीस किलो. सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक..."

ते थांबले. नाव कुठेच नव्हते. त्याची गरजही नव्हती. एक्केचाळीस चेहरे ताईंकडे वळले.

ताईंना प्रथम काहीच कळले नाही. मग त्यांना आपल्या मनगटाची लाज वाटली, पदर नीट नसल्यासारखी, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने पट्टी झाकली.

"बाई," तेलगोटे हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कमी खाता हे आम्हाला माहीत होतं. आमच्याही वाटचं कमी खाता, हे आज कळलं."

त्या सकाळी कोणी हसले नाही. एकेक जण चपला सरकवत निघून गेला. उरल्या त्या गिरिजाबाई. त्या ताईंची पाण्याची बाटली उचलून त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत आल्या.

मृण्मयी एप्रिलमध्ये नवी कुपी घेऊन स्वतः आली. ताईंनी तिच्यापुढे पाणी ठेवले, गूळ ठेवला, आणि आदेशाचा कागद ठेवला.

"ही मीच ना?"

मृण्मयीने कागदाकडे पाहिले नाही. "मावशी, मी शरीर मोजलं. धोरण त्यांनी केलं."

"मी धोरणाचं विचारत नाही. ही बाई मी आहे का, ते विचारते."

"हो."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू वेगळी वागली असतीस. मग मोजणीला अर्थ राहिला नसता."

हे उत्तर शास्त्रशुद्ध होते, आणि म्हणूनच ताईंना ते जास्त लागले.

"मग मला शास्त्रच सांग. सत्तेचाळीस अंशांत, आठवड्यातून दोनदाच्या वरणावर मी शांत कशी? तुझ्या पट्टीला माझा ताण दिसत नाही तो का?"

मृण्मयी बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज वर्गात शिकवणाऱ्यासारखा सरळ झाला. देहाला वर्षानुवर्षे कमी मिळत गेले, की तो आपली चूल बारीक करतो. गळ्यातल्या ग्रंथीचे संप्रेरक कमी स्रवते, नाडी मंदावते, त्वचा गार राहते. बसल्या बसल्या पाय हलवणे, उगाच उठून खिडकीपर्यंत जाणे, अशा माणसाला न कळणाऱ्या हालचाली गळून पडतात. सुरुवातीला ताण दिसतो. पण सात-आठ वर्षांनी देह तक्रार करणेही सोडतो, कारण तक्रारीलाही जळण लागते. पट्टीला मग एक स्थिर, शांत रेघ दिसते.

"म्हणजे ती शांती नाही."

"नाही. ते जुळवून घेणं आहे."

"हे तुझ्या अहवालात आहे?"

"परिशिष्टात होतं."

"होतं म्हणजे?"

"छापताना परिशिष्ट गाळलं. पानं फार होत होती, म्हणाले."

"आणि तू?"

मृण्मयीने गुळाचा खडा उचलला आणि पुन्हा बशीत ठेवला. "पट्टीनं तुला रोज विचारलं होतं, मावशी. सातशेहून जास्त वेळा. तू एकदाही 'हो' म्हणाली नाहीस. मी त्यांच्याशी भांडायला काय घेऊन गेले असते?"

"मृण्मयी," ताई म्हणाल्या. "तू चार वर्षं या घरात जेवलीस. तुझ्या फीचे हप्ते चालू होते तेव्हा मी तुला ताट वाढून सांगायची, तू बस, मी मघाशीच जेवले. एका रात्री तू उठून भांडी उघडून पाहिली होतीस. रिकामी. तू माझ्या गळ्यात पडून रडली होतीस. माझं 'नाही' म्हणजे काय, हे साऱ्या महाराष्ट्रात एका माणसाला माहीत होतं. ते माणूस तू होतीस."

मृण्मयीचे डोळे भरले.

"आमच्या प्रयोगशाळेत पहिला नमुना आधीच तपासलेल्या, माहितीच्या मातीचा लावत," ताई सावकाश म्हणाल्या. "तिच्यावरून यंत्र जुळवायचं. ती चुकली, तर दिवसभरात आलेल्या सगळ्या शेतांची माती चुकते. म्हणून त्या बाटलीवर जबाबदार माणसाची सही लागे. माझ्या बाटलीवर कोणाची सही आहे?"

"माझी."

"मी ही पट्टी काढून देते."

"काढलीस तर आत्ताची पातळी तशीच गोठते. पुढचं प्रमाण ठरेपर्यंत तीच चालते."

"आणि काढली नाही, पण माझं शरीर बदललं तर?"

मृण्मयी क्षणभर थांबली. "प्रमाण सहा महिन्यांनी पुन्हा मोजतात. शरीर बदललं, तर प्रमाण बदलेल."

तिने कुपी टेबलावर ठेवली आणि ती पुण्याच्या गाडीला निघून गेली. बशीतला गूळ तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ताई कडुनिंबाखाली गेल्या. बसायला कोणी जागा करून दिली नाही, म्हणून त्या उभ्यानेच बोलल्या. त्यांनी माफी मागितली नाही. जे कळले होते ते सांगितले. चूल बारीक कशी होते, ते सांगितले, आणि ती पुन्हा मोठी झाली तर सगळ्यांचा भत्ता परत येऊ शकतो, हेही सांगितले.

"मग खा की, बाई!" तेलगोटे ओरडले. "वाट कशाची पाहता?"

"किती खाऊ, तेलगोटे? मोजणीत उतरायचं तर दोन्ही वेळा वरण, दूध, तूप, अंडी. दुपारभर कूलर. ते माझ्या पेन्शनीत बसलं असतं, तर मी अशी झालेच नसते."

हे सगळ्यांनाच कळण्यासारखे होते.

"वार लावू," गिरिजाबाई म्हणाल्या.

"काय?"

"वार. माह्या सासऱ्यानं तसंच शिक्षण केलं. सोमवारी एकाकडं जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडं. सात घरं, सात वार. गरिबाचं पोर शिकून जाते अन् कोणाच्या घरावर भार नाई पडत. पोराला लावतात तं ताईले काहून नाई?"

तेलगोटे डोके खाजवत म्हणाले, "म्हणजे अडुसष्ट वर्षांची विद्यार्थिनी."

"अन् तुम्ही तिचे मास्तर. पास नाई झाली तं तुमचाच भत्ता जाते."

या वेळी हसू आले, आणि त्या हसण्याबरोबर ताईंना बसायला जागाही झाली. वारांची वाटणी तिथेच ठरली. बुधवार तेलगोट्यांचा. गुरुवार गिरिजाबाईंचा. रविवार घ्यायला कोणी तयार नव्हते, कारण त्या दिवशी मुले-सुना घरी असतात. गिरिजाबाईंनी तोही घेतला.

खाणे हे इतके कष्टाचे काम असेल, असे ताईंना कधी वाटले नव्हते. पहिले पंधरा दिवस त्यांचे पोट दुखले. वरणाची दुसरी वाटी समोर आली की हात आपोआप ताटावर आडवा होई, आणि वाढणारी तो बाजूला सारी. तेलगोट्यांच्या सौभाग्यवती समोर बसून घास मोजत. "अजून एक, बाई. हा आमच्या विजेच्या बिलाचा." सगळ्यांच्या घरी भत्ता बंद झालेला, तरी ताईंच्या ताटात तूप असे. आपल्या ताटातले तूप कोणाच्या ताटातून आले, हा प्रश्न ताईंच्या मनात येई. त्या तो विचारत नसत. विचारले असते, तर उत्तर काय आले असते ते त्यांना ठाऊक होते : भरपूर आहे.

गिरिजाबाईंकडे मात्र दूधही असे, पेलाभर, साय धरलेले. त्या स्वतः ताईंबरोबर बसत नसत. पंख्याने वारा घालत समोर बसत. "मले दवाखान्याची सवय हाय. पेशंट जेवल्याबिगर आया जेवत नाई."

मे महिन्यात ताईंना झोपेत घाम फुटू लागला. जूनमध्ये एका दुपारी आपण उगाचच उठून खिडकीपर्यंत गेलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या खिडकीशी उभ्या राहून एकट्याच हसल्या. ऑगस्टमध्ये वजन एक्कावन्न किलो भरले. संध्याकाळी सातला पट्टी थरथरली, की ताई आता 'हो' दाबत. पहिल्यांदा दाबताना त्यांचे बोट सवयीने 'नाही'कडेच गेले होते. मंडळींनाही त्यांनी तसेच करायला सांगितले होते. कित्येकांकडून अजून ते होत नव्हते.

सप्टेंबरात ताईंनी कुपी प्यायली, पंधरा दिवसांचे नमुने पाठवले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आले. ते फक्त त्यांना आले होते. सर्वांसाठी ते दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होणार होते.

आपल्या देहाची ऊर्जा-पातळी मागील मोजणीपेक्षा बारा टक्क्यांहून अधिक ढळल्याने आपण प्रमाणदेह म्हणून स्थिर राहिलेल्या नाहीत. आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल आभार. पश्चिम विदर्भासाठी नवीन प्रमाणदेहाची निवड करण्यात आली आहे : स्त्री, विधवा, वय एकाहत्तर, वजन एकोणचाळीस किलो, सेवानिवृत्त रुग्णालय परिचर. पट्टीच्या अंदाजानुसार पातळी मागील प्रमाणापेक्षा नऊ टक्क्यांनी खाली; कुपीद्वारे पडताळणी सुरू आहे.

कागदाखाली मृण्मयीची सही होती.

बारा टक्क्यांच्या अटीविषयी ती एप्रिलमध्ये एक शब्दही बोलली नव्हती. ताईंना तिचे ते क्षणभर थांबणे आता समजले. इतके महिने त्यांना वाटत होते, की आपली मुलगी त्या क्षणी लाजली होती.

त्यांनी सकाळी केलेला वरणभात डब्यात भरला आणि त्या दोन गल्ल्या ओलांडून गेल्या. गिरिजाबाई दारातच बसल्या होत्या, भिंतीला टेकून. इतके महिने ताई आठवड्यातून दोनदा या बाईसमोर जेवल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी तिला पाहिले. ब्लाउजच्या बाह्या दंडांवरून लोंबत होत्या. पट्टी घसरू नये म्हणून मनगटाला सुती दोऱ्याने बांधलेली होती.

"आज तं तुमचा वार नाई, ताई."

"तुम्ही हो म्हणालात?"

गिरिजाबाईंनी उगाच आश्चर्य दाखवले नाही. "बसा. ऊन लागून राह्यलं."

"केव्हा विचारलं तुम्हाला?"

"तीन आठवडे झाले. तुमची भाची आली होती. लई गोड पोरगी. पाया पडली माह्या."

"इथे आली होती? कौलखेडला?"

"मले वाटलं तुमच्याकडूनच आली."

ताई उंबऱ्यावर बसल्या. दोन गल्ल्या. मुलगी पुण्याहून आली होती, या दारापर्यंत आली होती, आणि दोन गल्ल्या ओलांडून घरी आली नव्हती.

"महिन्याले तीन हजार मानधन देतात," गिरिजाबाई म्हणाल्या. "भत्ता गेला. दुधवाल्यानं खातं बंद केलं. तुमाले साय धरून दूध मी आणत होतो कुठून? आधी माह्या वाटचं दिलं. मग माह्या वाटचंही राहिलं नाई."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? का घरात नाई म्हणून?"

ताई म्हणाल्या, कारण कोणीतरी म्हणायलाच हवे होते, "उद्या हे सगळ्यांना कळेल, गिरिजाबाई. तुमच्या पातळीवर आता सगळ्यांना मोजणार. तेलगोट्यांच्या बायकोचं औषध आहे. जे थोडं परत येणार होतं तेही जाईल."

"तुमच्या वेळी गेलंच की, ताई."

हे गिरिजाबाई रागाने म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच ताईंना त्यांच्यावर रागावता आले नाही. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. थोड्या वेळाने ताईंनी डबा उघडला आणि पुढे सरकवला. वरणाचा, लसणीच्या फोडणीचा वास खोलीत पसरला. गिरिजाबाईंचा हात डब्याकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"नको. परवाच ते पाणी पेलो मी. तेरा दिवस हायत अजून."

"दोन घास."

"चढलं तं काढून टाकतात. तुमाले काढलं तसं." त्यांनी झाकण लावून टाकले. मग आत जाऊन त्या पदरात काहीतरी घेऊन आल्या. चार मोसंबी होती. दोन पार सुकलेली. "तुमची भाची देऊन गेली. पोरीनं आणली मोठ्या प्रेमानं, अन् जाताना म्हणे, आजी, मोजणी संपल्यावर खा बरं का. तोवर टिकत नाई न ती. तुमीच न्या. वाया जाऊ द्यायचं जिवावर येते."

ताईंनी त्यातले बरे मोसंबे घेतले. नखाने साल उकलली, शिरा काढल्या, एक फोड सोलून बिया वेचल्या. दवाखान्यात तीस वर्षे दुसऱ्यांना भरवत आलेल्या त्या बाईपुढे त्यांनी ती फोड धरली. रस त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळला.

गिरिजाबाई त्या फोडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.